तोंड उघड, बूशाइब

साफी, ११ फेब्रुवारी १९९८

अझेद्दीनदादा,

घाबरू नकोस, हे पत्र वहिनींच्या हाती लागणार नाही. तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी फोन करायचा नाही, पत्र टाकायचं नाही, हे तुझं सांगणं आम्ही आजवर पाळलंय.

तुझ्या लग्नानंतर मी तुला ओळसुद्धा लिहिली नाही, आणि आजही लिहिली नसती. पण आमच्या ओळखीत दातांचा डॉक्टर एकच, आणि तो ब्रसेल्सला जाऊन बसलाय. तेव्हा परक्या पेशंटनं विचारावं तसं मी विचारते, तूही पेशंटला देतोस तसं उत्तर दे. भाऊ म्हणून काही लिहायची गरज नाही.

आपला बूशाइब स्वतःच्या गालावर मारून घेतो. डाव्या गालावर, मूठ वळून. आधी वाटलं खेळतोय. आता गाल काळानिळा पडलाय. रोटीची कडक कड आधी मला द्या म्हणून हात आपटणारा पोरगा, तो आता आतला मऊ भाग चहात बुडवतो आणि न चावता गिळतो. कधी तेही नाही.

तेरा वर्षांचा झाला, पण बोलणं तू ऐकलंयस तेवढंच. आई, तूया (म्हणजे मी), पाणी, मासा, नको. दुखतं हा शब्द त्याच्यापाशी नाही. आम्ही कुणी शिकवलाच नाही.

त्याच्या फिटांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "वयात येतोय, अशी मुलं मारून घेतातच," आणि झोपेचे थेंब सुरू केले. आता तो दिवसभर भिंतीला टेकून पडून असतो, लाळ गळत असते. आई म्हणते, बरं झालं, पोरगं शांत झालं. मला ही शांतता बघवत नाही.

मला वाटतं, दात आहे. पण तोंड उघड म्हटलं की ओठ असे आवळतो की चमचासुद्धा शिरत नाही. दातच दुखतोय हे बाहेरून कसं ओळखायचं? एवढंच सांग.

बाकी सगळं ठीक. आईचं मनगट जरा मुरगळलंय. जिन्यात पडली.

तूरिया


साफी, ५ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं! खाली शिक्का! पेशंटसारखं उत्तर दे म्हटलं तर इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

तू लिहितोस, 'तोंडाच्या आतला स्वच्छ उजेडात काढलेला फोटो आणि एक्स-रे पाठवावा.' दादा, तू त्याला शेवटचं कधी पाहिलंस? तो फोटो काढू देईल असं वाटतं तुला? असो. 'स्थानिक दंतवैद्यांना दाखवावे' हेही लिहिलंयस. दाखवलं. ऐक.

बंदराच्या रस्त्यावर दवाखाना आहे, बाहेर काचेचं दार, आत माशांची टाकी. बूशाइबला मी ईदचा लांब जल्लाबा घातला, केस चापून बसवले. तो टाकीपाशी जाऊन मासा मासा करायला लागला. खूश होता. तेवढ्यात तिथली मुलगी म्हणाली, "याला घेऊन बाहेर थांबा ना ताई, बाकीचे पेशंट बिचकतात."

"तो माशांना बघतोय," मी म्हटलं. "तुमचे मासे बिचकले का?"

मग डॉक्टर स्वतः दारापर्यंत आले, हातमोजे घातलेले. गालाकडे पाहिलं, तेही लांबून. म्हणाले, "याला कासाब्लांकाला न्या. भूल देतील आणि सगळेच काढून टाकतील. एकदाच्या सुटाल."

"सगळे? चांगलेसुद्धा?"

"बाई, याला दात हवेत कशाला? मुलगी बघायला जायचंय का?"

बसलेली माणसं हसली. सगळे हसतायत म्हणून बूशाइबही हसला. सुजलेल्या गालानं, टाळ्या वाजवत. मला त्याला ओढून बाहेर काढावं लागलं, कारण तो माशांना सोडत नव्हता, आणि मला तिथं रडायचं नव्हतं.

आईनं त्याला टेकडीवरच्या दर्ग्यात नेलं होतं. दोरा बांधला, पाणी पाजलं. शेजारणी म्हणाल्या लवंगेचं तेल लावा. ओठाच्या आत बोट जाऊ देईल तर लावू ना.

आणि आई जिन्यात पडली नाही. तो मारून घेत होता, ती मूठ धरायला गेली. आता मनगटाला फळी आहे. त्यानंतर ती दुपारच्या वेळी त्याचे हात ओढणीनं बांधून ठेवते. मी कारखान्यात असते तेव्हा. मला हे कालच कळलं, एरवी कळलंही नसतं, पण बोटींना मासळी मिळाली नाही आणि आम्हाला लवकर सोडलं.

तुला का सांगतेय कोण जाणे. पेशंट इतकं बोलत नाहीत.

तूरिया


साफी, १० एप्रिल

दादा,

तुला ईदमुबारक.

इथली ईद अशी गेली. आईनं पहिल्या दिवशी कलेजीच्या सळया भाजल्या. बूशाइबला त्या वासाचं वेड, तुला आठवत असेल, लहानपणी निखाऱ्यापर्यंत रांगत गेला होता. तो आला, सळई हातात घेतली, दाताखाली धरली आणि जे ओरडला दादा, वरच्या मजल्यावरची माणसं कुर्बानीच्या सुऱ्या हातात घेऊन खाली आली. संध्याकाळी गालाची सूज डोळ्यापर्यंत चढली. अंग तापलेलं.

सुट्टी संपल्या संपल्या मी त्याला वरच्या पेठेतल्या सरकारी आरोग्य केंद्रात नेलं. तिथं नवी दातांची डॉक्टरीण आलीय, नझहा नावाची. माझ्याहून लहान असेल. मी आधीच भांडायच्या तयारीनं गेले होते. दारातच म्हटलं, "हा असा आहे. चालणार असेल तर आत येते."

ती म्हणाली, "खरं सांगू का? अशा मुलांचं काम मला कुणी शिकवलं नाही. मलाही भीती वाटतेय. पण म्हणून बाहेर कशाला उभ्या राहता, आत तर या."

खुर्ची पाहिल्यावर त्यानं दाराची चौकटच धरली. नझहानं थोडा वेळ वाट पाहिली, मग शिपायाच्या नमाजाची चटई मागवून जमिनीवर घातली. मला भिंतीला टेकून बसवलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. स्वतः पांढरा कोट काढून बाजूला ठेवला आणि शेजारी मांडी घातली. बॅटरी आधी स्वतःच्या तोंडात धरली. तिचे गाल लाल दिव्यासारखे दिसायला लागले, तसा हा हसला. हसला तेवढ्यात तिनं पाहिलं. पुन्हा हसवलं, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यानं तिला लाथ घातली. ती म्हणाली, "बरोबर आहे, आज इतकंच."

खाली डावीकडची दाढ मेलीय, मुळाशी पू आहे. आणखी काही पोखरलेत. बाकीचे चांगले आहेत, फक्त घाण साचलीय. "इतके दिवस हा मुलगा या दुखण्यासकट जगतोय," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्याला झोपेचे थेंब देताय?" फिटांच्या डॉक्टरांना तिनं स्वतः फोन केला, थेंब कमी करायला लावले, पू उतरायचं औषध दिलं.

मग तिनं सोबत आलेल्या आईला विचारलं, "गोड किती खातो?"

आईनं सांगून टाकलं. रडला की साखरेचा खडा. फिट येऊन गेली की खडा. झोपत नसला की खडा गालात ठेवायचा, तो चघळत झोपतो. त्यावर फिटांचं सिरप, तेही पाकासारखं.

नझहा आवाज चढवून काही बोलली नाही, तरी आईला लागलं. घरी येईपर्यंत बसमध्ये एकच बडबड, "मग काय द्यायचं होतं मी त्याला? शाळेत घेत नाहीत, खेळायला कुणी घेत नाही. माझ्याकडे त्याला द्यायला दुसरं होतं तरी काय?" 

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर टाइप करून पाठव.

दाढ काढायला भूल लागेल, त्याशिवाय जमणार नाही असं नझहा म्हणते. कासाब्लांकाच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिलीय. मेलेले तेवढेच काढा, बाकीचे वाचवा असं तिनं त्यात लिहिलंय. पण ऐकणं न ऐकणं त्यांच्यावर.

तूरिया


साफी, २ मे

दादा,

या वेळी तू हातानं लिहिलंस. दोन पानं. तुझं अक्षर अजून तसंच गिचमिड आहे.

तर तू इस्पितळातल्या तुझ्या जुन्या मित्राशी बोललास, आणि तुमचं ठरलं. सगळेच काढायचे. आम्हाला न विचारता ठरलं.

तुझी कारणं मी पुन्हा पुन्हा वाचली. वर्षावर्षाला भूल देणं फिटांच्या मुलाला धोक्याचं. राहिलेले दातही किडतील, कारण घासणार कोण. आई म्हातारी होतेय. 'आणि तूरिया, उद्या तुझंही लग्न होईल.' दादा, यातलं काही खोटं आहे असं मी म्हणत नाही. खोटं असतं तर पत्र चुलीत घालून मोकळी झाले असते. सारखं तेच डोक्यात फिरतं. कारखान्यात पट्ट्यावर तारल्या येतात, मी डोकी तोडत असते आणि मनात तुझ्याशी भांडत असते. परवा बोट कापून घेतलं.

पण मी सांगते ते तू पाहिलेलं नाहीस. औषधानं सूज उतरल्यापासून रोज संध्याकाळी मी त्याला चटईवर घेते, नझहानं दाखवलं तसं. पहिले काही दिवस नुसता ओठाला ब्रश लावायचा आणि सोडून द्यायचं. मग पुढच्या दातांना. तो ब्रश हिसकावतो, माझे दात घासतो, मी घासू देते. केस ओढतो. कधी थुंकतो. काल वरचे सगळे घासून झाले. सगळे, दादा! मी शेजारच्या बायकांना बोलावून दाखवलं, तर माझं डोकं फिरलंय असं त्यांना वाटलं.

हा मुलगा शाळेत जाणार नाही, कामाला लागणार नाही, त्याला बायको मिळणार नाही. दिवसभरात त्याचा आनंद म्हणजे खाणं. रोटीची कड, भाजलेले बदाम, तळलेली तारली काट्यासकट. ते सगळं काढून घ्यायचं आणि जन्मभर लापशी भरवायची, का? तर घासणं अवघड आहे म्हणून?

आई मात्र तुझ्या बाजूनं आहे. काल म्हणाली, "तो शिकलेला डॉक्टर. तू कोण? तारल्यांची मुंडकी मोडणारी. त्याचं ऐकायचं की तुझं?" सही तिची लागणार आहे, माझी नाही.

तारीख एकोणीस मे मिळालीय. तुझ्या मित्राला पुन्हा फोन कर. एवढ्यासाठी मी तुझ्या पाया पडते.

तूरिया


कासाब्लांका, १९ मे

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय. त्याला आत नेलंय. हात रिकामे ठेवले तर मी कुणाला तरी मारेन.

तू फोन केला नाहीस. सकाळी तुझा मित्र आला, गोड बोलला, आईच्या हाताचं चुंबन घेतलं. "अझेद्दीनची आई म्हणजे माझी आई." पुढ्यात कागद ठेवला. मी वाचला. सगळे.

मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्या साफीच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळं लिहिलंय."

"ताई, त्यांचा अनुभव कमी. तुमच्या भावाशी माझं सविस्तर बोलणं झालंय. भाऊ म्हणून त्यानं नीट विचार करूनच सांगितलंय."

आई अंगठ्याला शाई लावून घेत होती. आणि दादा, माझ्या तोंडून निघून गेलं. लोक होते, नर्स होत्या, तरी निघालं.

"कुणाचा भाऊ? ज्याच्याशी तुमचं बोलणं झालं त्याला भाऊ नाही. एकच बहीण आहे. त्याच्या सासरी विचारा, तिकडं सगळ्यांना माहीत आहे."

डॉक्टरांना काही कळलं नाही. आईला कळलं. तुझ्या लग्नाला याला आणू नका म्हणालास ते तिनं मान्य केलं होतं, गर्दीत तो घाबरेल म्हणून. मावशीकडे ठेवला होता. पण तू तिकडं तो नाहीच असं सांगितलंयस, हे मेंदीच्या दिवशी वहिनींच्या आईनं मला सांगितलं होतं, आणि मी घरी येऊन कधी बोलले नव्हते. 

आईनं अंगठ्याची शाई हळूहळू पदराला पुसली. मग बूशाइबकडे पाहिलं. तो नर्सच्या गळ्यातल्या नळीशी खेळत होता. 

आई डॉक्टरांना म्हणाली, "मेलेत तेवढे काढा. जिवंत असेल त्याला हात लावाल तर तुम्हाला माझी शपथ आहे. नवा कागद आणा."

"अम्मा, पुन्हा त्रास झाला तर..."

"पुन्हा येईन. चालत येईन."

नवा कागद आला.

भुलेचा मुखवटा लावताना त्याला मीच धरलं. तो "तूया नको, तूया नको" करत होता. म्हणजे त्याला वाटलं हे मी करतेय. बरोबरच आहे, मीच करत होते. मग अंग सैल पडलं.

बराच वेळ झाला. दार उघडतं आणि दुसऱ्याच कुणाला हाक मारतात. त्याला भुलेत फिट आली तर? तुझं ऐकायला हवं होतं असं निघालं तर? आई माझ्याशी बोलत नाही. माझ्यावर रागावलीय की तुझ्यावर, कळत नाही.

हाक मार


साफी, ८ जून

दादा,

मागचं पत्र अर्धवट होतं, तसंच पाकिटात घालून टाकलं. तुझं उत्तर नाही. मित्रानं सगळं सांगितलं असेलच. रागावला असशील तर रागाव.

पाच काढले. चार भरले, बाकीचे साफ केले. शुद्धीवर आला तेव्हा ओकला, त्यात रक्त होतं, मी किंचाळले, नर्सनं मला बाहेर घालवलं. परत येताना बसमध्ये ताप चढला. पहिला आठवडा वाईट गेला. माझ्याकडे बघायचा नाही, मी आले की भिंतीकडे तोंड फिरवायचा. मला वाटलं, संपलं, आता हा ब्रश जन्मात जवळ येऊ देणार नाही.

मग एका सकाळी आई रोट्या काढत होती. हा स्वयंपाकघरात आला, तिच्या हातातून रोटी ओढली, आणि कड मोडून उजव्या बाजूनं चावायला लागला. कर्र आवाज आला. आईनं चूल तशीच सोडली आणि खाली बसून ऐकत राहिली. रोटी जळली.

गालावर मारणं बंद झालंय. ओढणी आईनं धुऊन कपाटात ठेवली. साखरेचे खडे तिनं शेजारणीला देऊन टाकले. आता तो रडला की ती त्याच्यासमोर डबा वाजवत बसते. खडा स्वस्त होता, म्हणते, याला मला नाचावं लागतं.

नझहाच्या सांगण्यावरून मी त्याला 'दुखतं' शिकवलं, गालावर हात ठेवून. शिकला. आता गाढव ओरडलं की दुखतं, कारखान्याचा भोंगा झाला की दुखतं, आंघोळीचं पाणी काढलं की दुखतं. दर वेळी मी धावत जाऊन तोंड बघते. नझहा म्हणते, तुम्हीच आता झोपेचे थेंब घ्या.

तू लिहिलंस तरी चालेल, नाही लिहिलंस तरी चालेल.

तूरिया


साफी, ३० ऑगस्ट

दादा,

तू येऊन गेल्यापासून घर विचित्र झालंय. मी ते लिहून काढतेय, कारण तुझ्याशी समोर बोलणं काही मला जमलं नाही.

दार वाजलं तेव्हा मला वाटलं नझहा असेल. दारात तू, टक्कल पडलेला. "जवळच कामासाठी आलो होतो," म्हणालास. ब्रसेल्सहून साफीजवळ कुणाचं काय काम असतं? आई तुला काही बोलली नाही. चहा ठेवला, पुदिना निवडत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं, हे तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बूशाइबनं तुझा पांढरा शर्ट पाहिला आणि पलंगाखाली शिरला. त्यानं तुला ओळखलं नाही, दादा. मला वाईट वाटलं, खरंच. मला वाटायचं तसं झालं तर मला आनंद होईल.

दुसऱ्या दिवशी तू माझा जुना स्वेटर घालून आलास, ऑगस्टमध्ये. चटईवर बसलास. घाम गाळत बसून राहिलास आणि तो तुझ्या चपला लपवत होता. मी ब्रश करताना तू बघत होतास. "हे तू रोज करतेस?" म्हणालास. मी हो म्हटलं. संध्याकाळी तुला मोरीत तोंड धुताना मी पाहिलं, बराच वेळ धूत होतास.

तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तू तोंड उघड म्हणालास आणि त्यानं उघडलं. तू त्याला दात मोजून दाखवत होतास, आवाज बारीक करून, आपण लहान असताना मला गोष्टी सांगायचास तसा. म्हणालास, "तूरिया, हिरड्या छान आहेत. माझ्या पेशंटांच्या नसतात अशा." आणि मग तुला मागची भरलेली दाढ बघायची हाव सुटली, बोट आत घातलंस, आणि तो चावला.

केवढं रक्त! तू ओरडलास, त्यानं आणखी जोरात आवळलं. आईनं त्याचं नाक दाबलं तेव्हा सुटला आणि पळाला, तो थेट गच्चीवर. नझहानं टाके घातले. टाके घालताना ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, बोट दातांमध्ये नाही, गालाच्या बाजूनं घालायचं असतं. पहिल्या वर्षाला शिकवतात ना?" तू हसलास. किती वर्षांनी मी तुला हसताना पाहिलं.

आणि जाताना, गाडीचं दार उघडून, वहिनींना दिवस गेलेत म्हणून सांगितलंस. मग विचारलंस, "बूशाइबचं हे रक्तातून येतं का गं?" तेव्हा मला कळलं तू कशासाठी आला होतास. आणि कदाचित लग्नाच्या वेळीही कशासाठी खोटं बोललास. मला उत्तर माहीत नाही, दादा. नाळ गळ्याभोवती होती, तो जन्मला तेव्हा निळा होता, एवढंच आईला माहीत आहे. पण ते तू मला गाडीत बसता बसता विचारलंस. ज्याच्याशी हे बोलायचं ते माणूस घरी आहे तुझ्या.

टाके कधी काढणार?

तूरिया


साफी, २२ सप्टेंबर

दादा,

तुझी घाईची चिठ्ठी मिळाली. बोट सुजलंय, काम बंद आहे, आणि वहिनींना तू सांगितलंस की कामाला गेलो होतो तिथं रस्त्यात कुत्रं चावलं. आता त्या तुला कुत्रा चावल्याची इंजेक्शनं घ्यायला लावतायत, आणि वर तू लिहितोस, 'फोन आला तर सांभाळून घे.' 

आईला मी ही चिठ्ठी वाचून दाखवली नाही. त्यातला 'कुत्रं' हा एक शब्द तिच्यापुढं मला वाचता आला नसता.

फोन आला. काल संध्याकाळी, खालच्या वाण्याकडे. नंबर तुझ्या डायरीत मिळाला म्हणाल्या. मला धावत खाली बोलावलं, बूशाइब माझ्या मागं. लग्नानंतर त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. घाबरलेल्या होत्या.

"तूरियाताई, अझेद्दीन साफीलाही येऊन गेले ना? मला सांगत नाहीत, पण तिकिटावर होतं. इथले डॉक्टर विचारतायत, तो कुत्रा कुणाचा होता, अजून जिवंत आहे का. माझी अवस्था अशी, मला झोप लागत नाही. प्लीज, तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी तुला सांभाळून घेणार होते. खरंच. पण बूशाइब शेजारी उभा होता, वाण्यानं दिलेले बदाम कडाकड फोडत होता, आणि माझी जीभ उचलेना.

मी म्हटलं, "जिवंत आहे. इथंच उभा आहे. बदाम खातोय."

"काय?"

"कुत्रा नव्हता, वहिनी. माझा धाकटा भाऊ आहे. बूशाइब. म्हणजे तुमचा दीर. त्याच्या तोंडात बोट घातलं तर तो चावतो. रोग नाही, दात स्वच्छ आहेत, रोज घासते मी."

वाण्यानं खुणेनं विचारलं, कट झाला का? मग त्या म्हणाल्या, "किती वर्षांचा?"

"तेरा."

"आमच्या लग्नात कुठं होता?"

"मावशीकडे."

मग रडल्याचा आवाज आला, तो रागाचा होता की कसला, मला ओळखता आलं नाही. मी तुझी बाजू मांडायला लागले. दादा वाईट नाही, घाबरतो, आल्यावर तीन दिवस चटईवर बसला होता. त्यांनी मधेच तोडलं. 

"त्याला फोन द्या."

मी रिसीव्हर त्याच्या कानाला लावला. त्या काय बोलल्या मला माहीत नाही. तो तोंडातलं चावता चावता ऐकत होता. मग त्यानं फोनमध्ये मोठ्यानं "मासा!" म्हटलं आणि पलीकडून हसल्यासारखं काहीतरी आलं. 

परत मी घेतला तेव्हा आवाज बदलला होता. बाळाबद्दल विचारलं, बूशाइबच्या जन्माबद्दल विचारलं. मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं, आणि मला काय माहीत नाही तेही सांगितलं. त्यांनी नझहाचं नाव लिहून घेतलं. डिसेंबरात बाळ होईल, वसंतात तिघं येऊ म्हणाल्या. तुला विचारल्याशिवाय म्हणाल्या.

शेवटी मी म्हटलं, "वहिनी, आजच त्याच्याशी बोला. उगाच बिचारा इंजेक्शनं घेतोय."

"बोलेन की," त्या म्हणाल्या. "अजून दोन राहिलीत. तेवढी होऊ देत."

तूरिया